खाडीकाठचे जीव

नवी मुंबईच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. ओहोटी लागली, की तेथील चिखलावर जिवांची लगबग सुरू होते. निवटी उड्या मारते, खेकडा बिळातून डोकावतो आणि उथळ पाण्यात रोहित पक्षी चोच बुडवून अन्न शोधतात.

निवटी चिखलावर वावरते, तरी ती मासाच होय. कारण तिला पाठीचा कणा, कल्ले व पर आहेत. रोहितालाही कणा आहे. पण अंगावर पिसे असल्यामुळे तो पक्षी. कोळंबी मात्र मासळीबाजारात मिळत असली, तरी मासा नव्हे! तिला कणाच नाही. कवच व सांध्यांचे पाय यांमुळे ती खेकड्याची नातलग ठरते. प्राणी ओळखावा तो शरीररचनेवरून, हा प्राणिशास्त्राचा पहिला धडा.

दुसरा धडा असा, की कोणताही प्राणी एकटा जगत नाही. रोहिताचा गुलाबी रंगसुद्धा त्याच्या अन्नातील शेवाळ व सूक्ष्म जीवांपासून येतो. २०१५ साली खाडीचा काही भाग या पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला. परंतु भरतीच्या वेळी ते नेरूळकडील पाणथळींवर विसावतात. त्या बुजल्या, तर या पाहुण्यांनी जावे कोठे?

स्वाध्याय : कोळंबी मासा का नव्हे, ते दोन वाक्यांत लिहा.