उजेडाचा हिशेब

शिरोली एमआयडीसीत कास्टिंग तपासणारे कॅमेरे बसवणं हा माझा धंदा. एका फोटोसाठी कॅमेऱ्यानं किती वेळ डोळा उघडा ठेवायचा, म्हणजे एक्स्पोजर किती द्यायचं, हे ठरवायला अर्धा तास पुरे, असं मला वाटायचं. तो अर्धा तास अजून चालूच आहे.

१. झकपक फोटो म्हणजे चांगला फोटो नव्हे. पहिल्याच कामात मी एक्स्पोजर वाढवत नेलं. जॉब, म्हणजे तपासायचं कास्टिंग, पडद्यावर चांदीच्या ताटासारखा झळकला. मालक खूश, मीही खूश. पण आठ बिटच्या फोटोत २५५ च्या वर आकडाच नसतो. मशीनिंग झालेला भाग तिथं जाऊन टेकला आणि उथळ ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली छिद्रं, त्या पांढऱ्यात विरघळले. आता माझे फोटो जरा काळवंडलेले असतात आणि मालकाला समजावण्यात एक चहा जास्त जातो.

२. टेबलावरचा जॉब शहाण्यासारखा स्थिर बसतो, पट्ट्यावरचा नाही. टेबलावर १० मिलिसेकंद ठरवून मी निवांत झालो. पट्टा सुटला सेकंदाला ५०० मिलिमीटरनं. म्हणजे डोळा मिटेपर्यंत जॉब ५ मिलिमीटर पुढं! एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा असेल, तर २०० मायक्रोसेकंदांत उरकायला हवं. गणित शाळेतलंच, मी ते रात्री अकराला, पट्ट्याशेजारी उभं राहून, खोक्याच्या पुठ्ठ्यावर सोडवलं.

३. गेन, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला सिग्नल फुगवणं, ही उधारी आहे. वेळ कापला की अंधार पडतो. मग गेन वाढवायचा मोह होतो, कारण त्याला पैसे पडत नाहीत. पण उजेडाबरोबर दाणेही वाढतात, आणि प्रत्येक दाणा सॉफ्टवेअरला छिद्र वाटतो. एका दुपारी मी चांगल्या जॉबची रास रिजेक्टच्या ट्रेमध्ये जमवली होती. शेवटी कॅमेऱ्याच्या इशाऱ्यावर क्षणभर लखलखणारा दिवाच घ्यावा लागला.

४. छपरातला दिवा जळत नसतो, लुकलुकत असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत असेल तर चढउतार आपोआप सारखा होतो. माझ्या २०० मायक्रोसेकंदांत मात्र कधी भरती सापडायची, कधी ओहोटी. दोन दिवस मी केबली बदलल्या, कॅमेऱ्याला नावं ठेवली. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी वरच्या ट्यूबा बंद केल्या आणि फोटो एकसारखे झाले. तेव्हापासून कॅमेऱ्याला आधी पत्र्याची पेटी, मग बाकीचं.

५. कोल्हापुरात खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ ओलांडताना मी थोडा ओशाळतो. बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ चित्रपट पडद्यावर आणला. त्या काळी हँडल हातानं फिरवायचं. हात मंदावला की प्रत्येक चौकटीवर उजेड जास्त. एक्स्पोजर मनगटात होतं, आणि चुकलं की नाही ते फिल्म धुतल्यावरच कळायचं. मला चूक तत्क्षणी पडद्यावर दिसते. तरी मी ती चारदा करतो.

६. पाहणं म्हणजे वेळ वाढवणं नव्हे. एका फाउंड्रीत एक छिद्र काही केल्या कॅमेऱ्याला दिसेना. तिथं तीस वर्षं जॉब तपासणारे एक मामा होते. त्यांनी जॉब उचलला, खिडकीपाशी नेला, तिरका केला. “सायेब, वरनं उजेड पाडून काय दिसतंय? आडवा येऊ द्या की.” मी दिवा बाजूला, जवळजवळ जॉबच्या पातळीवर आणला. पृष्ठभाग काळा झाला आणि छिद्राची कड तेवढी चमकली. एक्स्पोजरला हातही लावला नव्हता.

७. आकडा सगळ्यात शेवटी बदलायचा. त्याच फाउंड्रीतले फोटो पुढं अंधारत गेले. मी घरबसल्या लॅपटॉपवरून एक्स्पोजर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत राहिलो, आणि स्वतःच्या तत्परतेवर खूशही होतो. एका सकाळी फोटो पांढराफटक! धावत गेलो. मामांनी दिव्याच्या काचेवरची वाळूची धूळ पुसली होती, एवढंच. हल्ली माझ्या बॅगेत लॅपटॉपच्या वर एक स्वच्छ फडकं असतं.