नवा कॅमेरा घेण्यापूर्वी हिशेब मांडा

लगीनसराई जवळ आली की नांदेड, लातूर, उदगीर, देगलूरच्या स्टुडिओंमध्ये एकच विषय निघतो. जुना कॅमेरा काढून नवा मिररलेस घ्यावा काय? शेजारच्या दुकानदाराने घेतलेला असतो, ग्राहक विचारू लागलेले असतात, विक्रेता हप्ते बांधून द्यायला तयार असतो. पण दीड-दोन लाख रुपये ही लहान दुकानदाराची अनेक महिन्यांची बचत असते. ती योग्य ठिकाणी लागावी म्हणून हे चार शब्द.

बदल टाळून चालत नाही

निजामी राजवटीत राजा दीनदयाळ हे दरबारी छायाचित्रकार काचेच्या प्लेटवर फोटो घेत. पुढे रोल आला, डार्करूम आली, आणि तीही गेली. 1975 साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या इंजिनियरने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र अवघ्या 10,000 बिंदूंचे होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. हा शोध ज्या कंपनीच्या घरात लागला, ती मात्र रोलच्या कमाईवरच विसंबून राहिली आणि जानेवारी 2012 मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. 2018 साली कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे बाजारात आणले. तेव्हापासून त्यांचा भर त्याच बाजूला आहे. म्हणजे आज ना उद्या बदलावे लागणारच. प्रश्न केव्हा आणि किती पैशांत, एवढाच आहे.

आपले काम कोणते, ते आधी पाहा

पासपोर्ट फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा असतो. उत्तम छपाईसाठी एका इंचात 300 बिंदू धरले, तर त्याला सव्वादोन लाख बिंदूही लागत नाहीत. 8 बाय 12 इंचाच्या फोटोला सुमारे 86 लाख बिंदू पुरतात. 24 मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा तर 2 कोटी 40 लाख बिंदू देतो. तेव्हा लातूर-नांदेडच्या क्लासच्या मुलांचे परीक्षा अर्जाचे फोटो काढणाऱ्याने नव्या कॅमेऱ्यावर पैसा घालू नये. पांढरा पडदा आणि दोन चांगले दिवे घ्यावेत.

लग्नाचे काम वेगळे. रात्रीचा मंडप, हलती माणसे, शिवाय व्हिडिओ. नवा कॅमेरा डोळ्यावर फोकस धरून ठेवतो आणि आवाज न करता फोटो घेतो. निकाहचा खुतबा चालू असताना खटखट होत नाही, हा मोठा फायदा आहे. मात्र बिनआवाजाच्या शटरवर एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे उमटू शकतात. म्हणून हॉलमध्ये पोहोचताच आधी दोन-चार फोटो काढून तपासावेत.

बॉडीआधी लेन्स

फोटो अंधारा येतो म्हणून कॅमेरा बदलणारे पुष्कळ आहेत. दोष बहुधा सोबत मिळालेल्या लेन्सचा असतो. एफ 5.6 वर थांबणाऱ्या लेन्सपेक्षा एफ 1.8 ची लेन्स नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. 50 मिलिमीटरची अशी लेन्स नव्या बॉडीच्या मानाने फार स्वस्त पडते. आधी ती वापरून पाहावी.

जुन्या लेन्स अॅडॉप्टर लावून नव्या बॉडीवर चालतात. पण निकॉनच्या ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या कंपनीच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर आपोआप फोकस करत नाहीत. आपली लेन्स दुकानात नेऊन लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हिशेबाचे उदाहरण

समजा, बॉडी 1,20,000, लेन्स 40,000 आणि बॅटऱ्या, कार्ड, हार्ड डिस्क मिळून 30,000. एकूण 1,90,000 रुपये. पाच वर्षांनी 50,000 परत आले असे धरले, तर खरा खर्च 1,40,000, म्हणजे वर्षाला 28,000. वर्षाला 25 ऑर्डर असतील तर प्रत्येक ऑर्डरवर 1,120 रुपये पडतात. या कॅमेऱ्यामुळे ग्राहक तेवढे जादा देईल काय? किंवा नवी ऑर्डर येईल काय? उत्तर नाही असेल, तर थांबावे.

तोच कॅमेरा दिवसाला 1,500 रुपये भाड्याने मिळत असेल, तर वर्षात 18 दिवसांपर्यंत भाडेच स्वस्त आहे. 19 व्या दिवसापासून घेणे परवडते.

व्हिडिओचा खर्चही विसरू नये. 100 मेगाबिटच्या वेगाने फोर-के चित्रण केले तर एका तासाला 45 जीबी जागा जाते. जुना संगणक ते पेलत नाही, मग तोही बदलावा लागतो.

हप्ता आणि बिल

"बिनव्याजी हप्ता" हे शब्द नीट तपासावेत. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी किंमतीत किंवा गेलेल्या सवलतीत दडलेले असते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्यांनी रोखीची किंमत वेगळी विचारावी. दोघा-तिघांनी भागीत कॅमेरा घेऊन भाडे वाटून घेणे हाही चांगला मार्ग आहे. मात्र करार लेखी असावा.

डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी 1 जानेवारी 2019 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. ज्यांची नियमित नोंदणी आहे, त्यांनी बिल दुकानाच्या नावावर आणि नंबरासह घ्यावे, म्हणजे त्या कराची वजावट मिळते. बिनबिलाचा माल स्वस्त दिसतो, पण वॉरंटी हातची जाते.

जुना कॅमेरा विकताना

जुन्या कार्डावर लोकांच्या लेकीबाळींचे फोटो असतात. ती आपल्याकडची अमानत आहे. नुसते डिलीट केलेले फोटो साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. म्हणून कॅमेरा विकावा, कार्ड विकू नये. अनेक घरांना महिलांच्या बाजूला महिला फोटोग्राफरच हवी असते. घरातील मुलीला किंवा बहिणीला हे काम शिकवले, तर जुनी बॉडी तिच्या हाती कमाई करील. विकून येणाऱ्या रकमेपेक्षा ते अधिक फायद्याचे ठरू शकते.

प्रवासात

कंधारच्या उरुसाला, माळेगावच्या यात्रेला जाताना धुळीत लेन्स बदलू नये. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसल्याने धूळ थेट त्यावर बसते. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेल ठेवावे, नाहीतर लेन्सला बुरशी धरते. विमानाने जाताना जादा बॅटऱ्या हातातील बॅगेतच ठेवाव्यात. सामानात टाकलेल्या चालत नाहीत. आणि काम संपताच त्याच रात्री फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर कराव्यात. लग्न पुन्हा होत नसते.

या आठवड्यात एवढे करा. गेल्या वर्षाच्या ऑर्डरी वहीत लिहून काढा. कोणती ऑर्डर कॅमेऱ्यामुळे गेली आणि कोणती उशिरा अल्बम दिल्यामुळे, ते पुढे नोंदवा. मगच दुकानाची पायरी चढा.