इंजिन ऑइल : मापापेक्षा जास्त भरले तर?

गॅरेजमध्ये गाडी सर्व्हिसिंगला आली की तेल बदलणे हे सर्वांत सोपे काम समजले जाते आणि ते बहुधा नव्या पोऱ्याच्या हाती दिले जाते. उस्ताद हेड उघडण्यात किंवा क्लच बसविण्यात गुंतलेले असतात. पोऱ्या चेंबरचा नट काढतो, जुने तेल सोडतो, नट बसवितो आणि गिऱ्हाइकाने आणलेला डबा शेवटच्या थेंबापर्यंत ओततो. तेल कमी पडले तर इंजिन जाम होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावरून ‘थोडे जास्त असलेले बरे’ असा समज पक्का झाला आहे. हा समज चुकीचा आहे. त्यात गाडीमालकाचा पैसा जातो आणि कारागिराचे नाव खराब होते.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण घ्या. एका चाचांची प्रवासी वाहतुकीची डिझेल जीप होती आणि घर त्या एका जीपवर चालत होते. सर्व्हिसिंगनंतर दोनच दिवसांत गाडी निळा धूर सोडू लागली. एका ठिकाणी सांगण्यात आले, “रिंगा गेल्या, इंजिन उतरवावे लागेल.” चाचा उसनवारीच्या तयारीला लागले. सुदैवाने दुसऱ्या एका जुन्या कारागिराने आधी डिपस्टिक ओढून पाहिली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटे वर होते! त्याने जादा तेल काढले, ब्रीदर पाइप व एअर फिल्टर साफ केला. काही दिवसांत धूर थांबला. इंजिन उघडण्याची गरजच पडली नाही.

जास्त तेलाने काय होते?

इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये तेल साठते आणि त्याच्या वर क्रँक फिरतो. तेलाची पातळी योग्य असेल तर क्रँक तेलाला लागत नाही. पंप तेल उचलून बेअरिंगपर्यंत पोहोचवितो. पातळी फार वाढली की क्रँकची वजने व कनेक्टिंग रॉडची टोके तेलात आपटू लागतात. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० फेरे. ताक घुसळावे तसे तेल घुसळले जाते. त्याचे परिणाम असे :

१) तेलात हवा मिसळून फेस होतो. पंप फेस ओढू लागतो, प्रेशर पडते. हवेचे बुडबुडे बेअरिंगला आधार देऊ शकत नाहीत. म्हणजे तेल भरपूर असूनही बेअरिंग कोरडी पडल्यासारखी झिजतात.

२) क्रँकला तेल कापत फिरावे लागते. ताकद वाया जाते, तेल तापते, इंधन जास्त लागते.

३) तेलाचे तुषार ब्रीदर पाइपातून हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जाऊन जळतात. निळा धूर निघतो, प्लग काळे होतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो.

४) आतला दाब वाढला तर जुने ऑइल सील गळू लागतात.

५) डिझेल गाडीत मोठा धोका आहे. आत गेलेले तेलच इंधन बनून इंजिन आपोआप वेग घेऊ शकते. मग चावी बंद करूनही ते थांबत नाही. हवेची वाट बंद करावी लागते.

किती जास्त म्हणजे धोका?

वरच्या खुणेपेक्षा शे-दोनशे मिलिलिटर जास्त झाल्याने सहसा बिघाड होत नाही. अर्धा लिटर जास्त असेल तर काढून टाकावे. लिटरभर जास्त असेल तर गाडी सुरूच करू नये. बहुतेक मोटारींत दोन खुणांमधील अंतर सुमारे एक लिटरचे असते. लहान इंजिनात कमी.

चूक कोठे होते?

गाडीच्या पुस्तकात फिल्टरसह व फिल्टरशिवाय अशी दोन मापे असतात. फिल्टर न बदलता पहिले माप ओतले की तेल जास्त होते. थंड इंजिनातून जुने तेल पूर्ण उतरत नाही. गाडी उतारावर असली तर पट्टी खोटे माप दाखविते. इंजिन बंद करताच पट्टी ओढली तर वर गेलेले तेल अजून खाली आलेले नसते. ते कमी दिसते आणि आणखी ओतले जाते.

योग्य पद्धत

गाडी सपाट जागी उभी करावी. तेल सोडताना इंजिन कोमट असावे. मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओतावे. इंजिन मिनिटभर चालवून बंद करावे, ५ ते १० मिनिटे थांबावे. पट्टी पुसून पुन्हा घालावी, दोन्ही बाजू पाहाव्यात आणि थोडे थोडे तेल वाढवावे. पुस्तकात वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी.

जादा तेल पट्टीच्या नळीतून बारीक पाइप व हातपंपाने ओढावे किंवा चेंबरचा नट ढिला करून सोडावे. तोंडाने कधीही ओढू नये. वापरलेले तेल कातडीला अपायकारक असते. हात साबणाने धुवावेत. ते गटारात न ओतता अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यावे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते बंधनकारक आहे.

तेल न ओतता पातळी आपोआप वाढली तर मात्र सावध व्हावे. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन मिसळत आहे. दुधाळ दिसत असेल तर पाणी शिरले आहे. हेड गॅस्केट तपासावे. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी जाळणारा फिल्टर असतो. केवळ गावातल्या गावात फिरणाऱ्या अशा गाडीत डिझेल तेलात उतरू शकते. अशा वेळी नुसते जादा तेल काढून भागत नाही. तेल बदलून कारण शोधावे लागते.

माप आणि अमानत

बरेच कारागीर डबा पूर्ण ओततात ते निष्काळजीपणाने नव्हे, तर गिऱ्हाइकाने ‘उरलेले तेल ठेवून घेतले’ असे म्हणू नये म्हणून. हेतू चांगला असला तरी उपाय चुकीचा आहे. उरलेले तेल गिऱ्हाइकाची अमानत आहे. झाकण लावून डबा त्याच्या हाती द्यावा आणि पट्टी ओढून पातळी दाखवावी. सूरह अर्-रहमानमध्ये मापात मर्यादा न ओलांडण्याची ताकीद आहे. माप कमी देण्याने मोडते, तसे गरजेपेक्षा जास्त ओतण्यानेही मोडते. दोन मिनिटे पट्टी पाहण्यात गेली तर एखाद्या चाचांचे इंजिन वाचते आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दारात येते.