रिपोर्ट बिघडतो तो सुईपाशी

लॅबच्या निम्म्याहून अधिक चुका रक्त मशीनमध्ये जाण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावण्याआधी हे पाहा.

काय करावे

- पेशंटला 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हणा. 'तुम्हीच पाटील ना?' असं विचारलं, तर घाईतला माणूस हो म्हणून मोकळा होतो. लेबल रक्त घेतल्यावर लगेच, त्याच्यासमोरच चिकटवा.

- बल्बांचा क्रम पाळा: साइट्रेट, प्लेन, ईडीटीए, शेवटी फ्लोराइड. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए बल्बमध्ये पोटॅशियमचाच क्षार असतो. त्यातलं रक्त प्लेन बल्बमध्ये ओतलं की पोटॅशियम चढतं, कॅल्शियम कोसळतं. पोटॅशियम ८ आणि पेशंट काउंटरवर बिलासाठी भांडतोय, असं दिसलं तर आधी बल्बची चौकशी करा.

- शुगरसाठी फ्लोराइडच. प्लेन बल्बमध्ये पेशी साखर खातच राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. गावच्या कलेक्शन सेंटरवरून एसटीने येणाऱ्या सॅम्पलचा हिशेब तुम्हीच करा.

- प्लेटलेट अचानक २० हजार आल्या आणि पेशंट ठणठणीत असला, तर स्लाइड पाहा. काहींच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये गोळा होतात आणि मशीन त्या मोजत नाही. साइट्रेटमध्ये रक्त घेऊन पुन्हा मोजा. डेंग्यूच्या दिवसांत तर स्लाइड पाहिल्याशिवाय असा आकडा बाहेर सोडूच नका.

काय टाळावे

- सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेणं.

- टूर्निके एका मिनिटाहून जास्त आवळून ठेवणं, मूठ उघडझाप करायला लावणं.

- साइट्रेट बल्ब अर्धवट भरणं. तिथे ९ भाग रक्ताला १ भाग साइट्रेट हे प्रमाण ठरलेलं आहे. रक्त कमी पडलं की पीटी उगाच लांबतो आणि वॉरफरिनचा डोस भलतीकडेच जातो.

- कंट्रोल मर्यादेबाहेर गेला की 'बसेपर्यंत' पुन्हा पुन्हा लावणं. ही शुद्ध लबाडी आहे. कारण सापडेपर्यंत त्या टेस्टचे रिपोर्ट थांबवा, डॉक्टरांचे कितीही फोन येवोत.

- वेल्लोरच्या सीएमसीकडून बाह्य गुणवत्ता तपासणीची सॅम्पलं आली की त्यांचे लाड करणं. सगळ्यात जुन्या टेक्निशियनने तीनदा लावून सरासरी पाठवायची नाही. ज्याची ड्यूटी असेल त्यानेच लावावं, रोजच्या सॅम्पलसारखं, एकदाच. आणि शेजारच्या लॅबला 'तुमचं किती आलं?' असं विचारायचं नाही.