टाकीत पाणी आलं कुठून?

प्रश्न : रामटेकला पेट्रोल भरलं आणि मनसरला पोहोचेपर्यंत दुचाकी बंद पडली. टाकीत पाणी निघालं. पंपवाल्यांनी भेसळ केली का?

उत्तर : लगेच तसा निष्कर्ष काढू नका. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पावसाचं पाणी पंपाच्या भूमिगत टाकीत किंवा तुमच्याच झाकणातून शिरलं, तर इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकून करतात त्या चाचणीत हे कळत नाही. थेंब उडून गेल्यावर कागदावर डाग राहिला तर रॉकेल-डिझेलचा संशय घ्यावा.

पुन्हापुन्हा स्टार्टर मारू नका, टाकी रिकामी करून घ्या. वेळीच केलं तर इंजिन बहुधा वाचतं. बिल आणि बाटलीभर नमुना मेकॅनिककडून घेऊन ठेवा. पंपावर घनता मोजून मागणं हा तुमचा हक्क आहे. टाळाटाळ झाली, तर थेट तेल कंपनीकडे तक्रार करा.