866 ची दुप्पट

2019 साली मी एक बिनतारी डबा बनवला. विहिरीवर बसून द्राक्षबागेतले ठिबकचे व्हॉल्व्ह उघडबंद करायचे, एवढंच त्याचं काम. 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे 2005 पासून विनापरवाना आहे. ट्रान्समीटर 1 वॉटपर्यंत, ॲन्टेना धरून 4 वॉट, लहरीची रुंदी 200 किलोहर्ट्झ. बाहेरून मागवलेल्या मॉड्यूलबरोबर त्याचा टेस्ट रिपोर्टही आला. म्हटलं, गंगेत घोडं न्हालं.

बागेच्या टोकापर्यंत सिग्नल पोचेना, म्हणून पुढे एक स्वस्त ॲम्प्लिफायर जोडला. त्या क्षणी तो रिपोर्ट माझ्यापुरता रद्दी झाला होता. कळलं मात्र डबा चाचणीसाठी लॅबमध्ये नेला तेव्हा.

पहिला अर्धा दिवस तर नुसताच गेला. माझा डबा मिनिटाला एकदाच बोलायचा आणि मोजायला हवं सलग प्रक्षेपण. तसा प्रोग्रॅम घरूनच टाकून न्या, भाड्याचे तास वाचतील. मग डबा फिरत्या टेबलावर चढला. रुंदीची सेटिंग 250 ची ठेवलेली, ती 125 वर आणली. 866 वर सगळं ठीक होतं, पण 1732 वर सुळका! बरोबर दुप्पट. आणि 1710 ते 1785 मध्ये मोबाईल टॉवरशी बोलतात. युरोपीय मानक 1 गिगाहर्ट्झच्या वर अशा गळतीला 1 मायक्रोवॉटचीच मुभा देतं.

"ॲम्प्लिफायर फार ताणलाय तुम्ही," तिथल्या इंजिनिअर बाई म्हणाल्या. शक्ती 3 डेसिबलने उतरवली, तर दुपटीवरची गळती साधारण 6 ने उतरते, हा हिशोब त्यांनीच कागदावर मांडून दिला. उरलेली गळती ॲन्टेनाच्या आधी बसवलेल्या लो-पास फिल्टरने अडवली. फिल्टरची किंमत सांगायला लाज वाटते, इतकी कमी.

तुम्ही असं काही बनवत असाल तर विकायची तीच ॲन्टेना, तोच डबा, तीच बॅटरी घेऊन जा. आणि त्याआधी ओळखीच्या कॉलेजात स्पेक्ट्रम ॲनालायझरवर तासभर बसा. दुपटीवरचा सुळका तिथेही दिसतो.

बागेच्या टोकाचं काय झालं? विहिरीवरची ॲन्टेना सहा फूट उंच केली. भागलं.