बाकी उरली तर? : उरलेल्या लोकरीतून भागाकार, परिमिती आणि नियोजन



आज कार्यानुभव आणि गणित एकत्र आणणारा एक उपक्रम सांगते. यात काय चुकलं तेही सांगणार आहे, कारण खरा धडा मला तिथूनच मिळाला.

इयत्ता : पाचवी (36 विद्यार्थी, 18 जोड्या)
विषय : कार्यानुभव, गणित, थोडं परिसर अभ्यास
कालावधी : दिवाळीच्या सुट्टीनंतर ते संक्रांत, आठवड्याला 2 तासिका
साहित्य : घराघरांतली उरलेली लोकर, 8 नंबरच्या (4 मिलिमीटर) बोथट टोकाच्या सुया, क्रोशाची सुई, स्वयंपाकघरातला वजनकाटा, पट्टी, वही

सुरुवात कुठून झाली

माझी आई नोकरीसाठी रोज कल्याणहून मुंबईला जायची. गाडी कल्याणहून सुटणारी असली की बसायला जागा मिळे, आणि महिलांच्या डब्यात आईच्या पर्समधून सुया बाहेर यायच्या. "ठाणं येईपर्यंत एवढ्या ओळी व्हायलाच हव्यात," असा तिचा हिशोब असे. तिचा वेळ ओळींत मोजला जायचा आणि ओळी स्टेशनांत.

आता तिची बोटं दुखतात. दोन सुयांचं काम होत नाही, थोडाफार क्रोशा होतो. कपाटावर लोकरीची मोठी पिशवी मात्र तशीच होती. अर्धे गोळे, गुंता झालेले धागे आणि बाबांसाठी सुरू केलेल्या मरून स्वेटरचा वीतभर विणलेला भाग. बाबा गेले तेव्हा तो तिथेच थांबला. मी पिशवी शाळेत नेऊ का विचारलं, तर आई म्हणाली, "ने. मरून उसवून घे. नुसतं ठेवून काय करायचं?"

मागच्या वर्षीची माझी चूक

मागच्या वर्षीही मी मुलांकडून चौकोन विणून घेतले होते. जोडून छोटी चादर करायची, एवढंच ठरलं होतं. हवा तो रंग घ्या, विणायला लागा. चौकोन झाले, जोडलेही. पांढऱ्या लोकरीची किनार सुरू केली आणि अडीच बाजू झाल्यावर पांढरी संपली. दुकानातून आणलेली पांढरी जरा निळसर निघाली. लोकरीच्या गोळ्यावरच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाबरोबर लॉट नंबरही असतो. लॉट बदलला की तोच रंग थोडा वेगळा दिसू शकतो, हे मला तेव्हा कळलं. ती चादर अजून अर्धवट आहे.

मुलांनी विणण्यात कसूर केली नव्हती. मी मोजलं नव्हतं. म्हणून यंदा नियम केला : आधी वजन, मग चित्र.

पायरी 1 : कोणासाठी आणि केव्हापर्यंत?

आमच्या शाळेतल्या मावशींना दिवाळीच्या आधी नात झाली. मुलांनीच ठरवलं की बाळासाठी पांघरूण करायचं, आणि ते संक्रांतीच्या बोरन्हाणाला द्यायचं. कल्याणात थंडी ती कितीशी! पण तान्ह्या बाळाला पहाटे पुरेल इतकी असते. माप ठरलं 90 × 90 सेंटिमीटर, म्हणजे 15 सेंटिमीटरचे 6 × 6 = 36 चौकोन.

पायरी 2 : वर्गीकरण

आईची पिशवी आणि पालकांनी पाठवलेली लोकर मिळून 766 ग्रॅम भरली. मुलं म्हणाली, "बाई, खूप आहे!" मग जाडीप्रमाणे ढीग केले. बारीक लोकर 140 ग्रॅम, खूप जाड 90 ग्रॅम आणि चार पदरी 536 ग्रॅम. वेगवेगळ्या जाडीची लोकर एकत्र विणली तर चौकोनांची मापं जुळत नाहीत. त्यामुळे हाताशी फक्त 536 ग्रॅम राहिली.

उसवलेल्या मरून धाग्याला नागमोडी वळणं पडली होती. त्याची सैल लड करून चार ठिकाणी बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि सावलीत टांगली. वाळल्यावर धागा बराच सरळ झाला. मगच त्याचा गोळा केला.

पायरी 3 : नमुना

मी 30 टाके घालून दोन्ही बाजूंनी सुलट अशा 60 ओळी विणल्या. चौकोन 15 सेंटिमीटरचा झाला, वजन 12 ग्रॅम. हा 12 आकडा फळ्यावर मोठा लिहून ठेवला, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं होतं.

वेळेचा हिशोबही इथेच केला. 30 × 60 = 1800 टाके. सराव झाल्यावर मुलं मिनिटाला साधारण 10 टाके घालत होती, म्हणजे एका चौकोनाला 180 मिनिटं. जोडीला दोन चौकोन, आळीपाळीने विणायचे, म्हणून 360 मिनिटं. आठवड्याला 35 मिनिटांच्या दोन तासिका, म्हणजे 70 मिनिटं. भागाकार केला तर पाच आठवड्यांच्या थोडं वर. शिकायला लागणारा वेळ धरून संक्रांत जेमतेम गाठता येत होती.

पायरी 4 : किनार आधी बाजूला

पांढरी होती 70 ग्रॅम. ती जोडणीसाठी आणि किनारीसाठी राखून ठेवली. किती लागेल? चौकोनांमध्ये उभ्या 5 आणि आडव्या 5 रेषा, प्रत्येकीवर 6 जोड, एकूण 60 जोड. नमुन्याचे 8 जोड क्रोशाने घातले, त्याला 4 ग्रॅम लागले. म्हणजे 60 जोडांना 30 ग्रॅम. परिमिती 4 × 90 = 360 सेंटिमीटर, म्हणजे 15 सेंटिमीटरचे 24 तुकडे, म्हणून किनारीच्या एका फेरीला 12 ग्रॅम. एकूण 42. पांढरी पुरणार होती.

परिमिती 'का' शिकायची, हे त्या दिवशी मला समजावून सांगावं लागलं नाही.

पायरी 5 : भागाकार आणि बाकी

आता प्रत्येक रंगाच्या वजनाला 12 ने भागायचं :

- मरून 65 ग्रॅम : 5 चौकोन, बाकी 5
- निळा 95 ग्रॅम : 7 चौकोन, बाकी 11
- पिवळा 52 ग्रॅम : 4 चौकोन, बाकी 4
- हिरवा 47 ग्रॅम : 3 चौकोन, बाकी 11
- गुलाबी 80 ग्रॅम : 6 चौकोन, बाकी 8
- राखाडी 59 ग्रॅम : 4 चौकोन, बाकी 11
- केशरी 30 ग्रॅम : 2 चौकोन, बाकी 6
- बारीकसारीक तुकडे : 38 ग्रॅम

पूर्ण चौकोन झाले 31. हवे होते 36. वर्ग शांत झाला. "बाई, पाच कमी पडले."

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. भागाकाराची रीत त्याला पाठ आहे, पण बाकी म्हणजे उत्तराच्या शेवटी लिहायचा एक आकडा, एवढंच त्याला माहीत. त्याच्या हातात निळ्याची 11 ग्रॅमची गुंडी होती. तो ती हातात खालीवर करत म्हणाला, "बाई, ही बाकी तर जवळजवळ एक चौकोनच आहे की!"

मग सगळ्या बाक्यांची बेरीज केली : 56. त्यात तुकड्यांचे 38 मिळवले : 94. भागिले 12, म्हणजे 7 पट्ट्यापट्ट्यांचे चौकोन आणि बाकी 10. आम्हाला 5 हवे होते, 7 होत होते. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान का असते, हे मी कितीदा फळ्यावर सांगितलं असेल. 12 झाली की ती बाकी राहत नाही, चौकोन होते, हे त्यांना गुंडी हातात धरून कळलं.

पट्ट्यांसाठी एक युक्ती : एका ओळीला कापडाच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो. उरलेला धागा आणखी दोन ओळींना पुरेल का, हे पाहायचं असेल तर तो दुमडून बरोबर मध्यावर सैल गाठ मारा आणि एक ओळ विणा. गाठीपर्यंत पोचायच्या आत ओळ संपली, तर दुसरी ओळही होणार. गाठ आधीच आली, तर ही ओळ झाली की रंग बदला. 'निम्मे' शिकवायला यापेक्षा सोपं साधन मला तरी सापडलेलं नाही.

पालकसभेतला प्रश्न

डिसेंबरात पालकसभा झाली. एक वडील जरा रागातच म्हणाले, "बाई, पाचवीचं वर्ष शिष्यवृत्तीचं आहे. मुलगा घरी सुया घेऊन बसतो. हे मुलींचं काम, आणि त्यात मार्क पण नाहीत."

त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. मुलाचं वर्ष वाया जाऊ नये ही काळजी खरीच असते. मी काही भाषण केलं नाही. त्यांच्या मुलाची वही पुढे ठेवली. त्यांनी वजनांचा तक्ता वाचला. ते फरशी बसवायचं काम करतात. म्हणाले, "हे तर आमच्यासारखंच आहे. आम्ही पण तुटफुटीला दहा टक्के जास्त धरतो. तुम्ही किती धरलंय?" मुलाला विचारलं. तो म्हणाला, "लागणार 432, आहे 466. म्हणजे 34 जास्त." वडिलांनी मनात हिशोब केला. "दहा टक्के म्हणजे 43 पाहिजे. तुमचं थोडं कमी आहे, जपून विणा." सभा संपल्यावर बापलेक तक्त्यावर बोलत बोलतच जिना उतरले.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल. चौकोन 10 ग्रॅमपासून 15 ग्रॅमपर्यंत भरले. शेवटी 466 पैकी 451 ग्रॅम लागली. पांढरी 42 ऐवजी 51 लागली. अंदाज चुकला, पण राखून ठेवलेलं होतं म्हणून काम अडलं नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक मुलांनी वहीत लिहिला. माझ्या मते मूल्यमापनात तोच सर्वांत महत्त्वाचा रकाना.

लोकर म्हणजे नेमकं काय?

आपण सगळ्यालाच 'लोकर' म्हणतो, पण आमच्या पिशवीतली बहुतेक ॲक्रिलिक होती, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेला धागा. ओळखायचं कसं? धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, फक्त शिक्षकांनी जाळून दाखवावा. मेंढीच्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटाने चुरता येते. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक काळा मणी उरतो. मग आपल्याकडच्या दख्खनी मेंढीचा विषय निघाला. तिची लोकर जाडीभरडी, म्हणून धनगरांची घोंगडी तिच्यापासून होते, मऊ स्वेटर नाही. ॲक्रिलिक मातीत कुजत नाही, म्हणून असलेलं वापरून संपवणं जास्त गरजेचं, हेही मुलांच्या लक्षात आलं.

हे नवीन आहे का?

अजिबात नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच बालशिक्षणाची साधनं उभी केली. ही गावं तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. जर्मनीत 1919 साली सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळांच्या परंपरेत तर पहिलीतल्या मुला-मुलींना सुयांवरचं विणकाम शिकवतात. तिथे ते 'मुलींचं काम' नसतं.

पालकांसाठी

- नवीन लोकर आणण्याआधी घरातली बाहेर काढा आणि मुलांकडून वजन करून घ्या.
- प्रत्येक गोळ्याला चिठ्ठी लावा : रंग, जाडी, वजन. कागदी पट्टी असेल तर टाकू नका.
- जो रंग शेवटी लागणार, तो पहिल्यांदा बाजूला काढा.
- अर्धवट पडलेलं काम एकदा नीट बघा. पूर्ण होणार असेल तर तारीख ठरवा, नसेल तर उसवा. उसवण्यात कमीपणा नाही.

बारीक 140 आणि जाड 90 ग्रॅम अजून शिल्लक आहे. तिचं काय करायचं, याची आखणी मुलं आता स्वतः करत आहेत. मी फक्त वजनकाटा देते.

पांघरुणाची किनार आईने घातली, रोज थोडी थोडी, बोटं शेकत. बोरन्हाणाच्या दिवशी काळं झबलं घातलेलं बाळ त्या पांघरुणावर बसलं होतं. आईने मरून चौकोन मोजले, बरोबर पाच. मग म्हणाली, "पिशवी रिकामी झाली का गं?" मी म्हटलं, "नाही, 230 ग्रॅम आहे." ती हसली आणि म्हणाली, "मग पुढच्या थंडीचं बघा."

तुमच्याही घरात, शाळेत अशी एखादी पिशवी असेल. यंदा ती खाली काढा, मुलांना वजन करू द्या. उपक्रम नक्की करून बघा.